मोजणीदारांची आगटी

आमच्या बिल्डिंगमध्ये ‘अंदाजे’ हा शब्द बोलायची सोय नव्हती. जिन्यात कुणी सहज म्हणालं, “टाकीत अंदाजे दोन फूट पाणी असंल,” की पहिल्या मजल्यावरचं दार उघडायचं आणि आतून आवाज यायचा, “अंदाजे कशाला? वर जावा की, मोजा.” समोरचा माणूस चपला घालेपर्यंत काका स्वतःच गच्चीवर पोचलेले असायचे. पाच मिनिटांत निकाल लागायचा, एक फूट साडेअकरा इंच. या माहितीचा कुणाला काडीचा उपयोग नसायचा, कारण नळाला पाणी चार दिवसांनी यायचं ते चार दिवसांनीच यायचं.

काका सरकारी मोजणीदार होते. दोन भावांचं बांधावरून भांडण लागलं की जो माणूस येऊन शेत मोजतो, हद्दीचे दगड रोवून देतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खाऊन परत जातो, तो माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण पोलादी टेप अजून शर्टाच्या खिशातच होता. इतर निवृत्त माणसं त्या खिशात चष्मा आणि बीपीच्या गोळ्या ठेवतात.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायचे. मूळची अकलूजची, सोलापुरात एका विमा ऑफिसात नोकरी लागली म्हणून शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात येऊन पडले. पहिल्याच दिवशी माझं कपाट हमाल जिन्यातून वर चढवत होते. काका दारात उभे राहून नुसतं बघत होते. टेप काढला नाही, हात लावला नाही. “मधल्या वळणाला अडकतंय बघा,” ते म्हणाले, “सव्वा इंचानं.” हमाल हसले. मधल्या वळणाला कपाट अडकलं. शेवटी त्याचे पाय काढले तेव्हा वर आलं, आणि पायांची उंची सव्वा इंच होती हे काकांनी मला मोजून दाखवलं. मला राग आला होता तो कपाटाचा की त्यांचा, हे अजून ठरलेलं नाही.

असा माणूस शेजारी असला की सुरुवातीला चीड येते, मग गंमत वाटते आणि सहा महिन्यांनी आपणही भाकरी तव्यावर टाकताना ती किती इंचाची झाली असेल याचा विचार करायला लागतो. पार्किंगमध्ये प्रत्येकाच्या गाडीची हद्द त्यांनी पांढऱ्या फक्कीनं आखून दिली होती. दर पंधरा दिवसांनी ते ती नव्यानं आखायचे. कुणाचा आरसा रेषेबाहेर आला तर त्याला घरी जाऊन सांगायचे. “अंदाज म्हणजे भांडणाचं बी,” हे त्यांचं आवडतं वाक्य. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी त्या बियांची पिकंच बघितली होती, त्यामुळे त्यांना बोलून उपयोग नसायचा.

त्यांचा आणखी एक नेम होता, तो मला बराच उशिरा कळला. ते हुरडा खात नसत. सोलापूर जिल्ह्यात जन्म काढलेला, मोडनिंबच्या शेतकऱ्याच्या घरातला माणूस हुरडा खात नाही, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. थंडीत ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, गरम गरम तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायची. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे?

नोकरीच्या पहिल्याच थंडीत काका एका शेतावर मोजणीला गेले होते. मालकानं आग्रह केला, यांनी दोन मुठी हुरडा खाल्ला. मोजणीत तीन हात जमीन त्या मालकाच्या बाजूला निघाली. शेजारचा गडी चावडीवर जाऊन म्हणाला, “हुरड्यानं बांध सरकला.” काकांनी तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं, पण तालुक्यात ते वाक्य पसरलं ते पसरलंच. त्या दिवसापासून काकांनी हुरडा सोडला. बाहेरचा सोडला आणि घरचाही सोडला, कारण घरच्या आगटीला गावातली माणसं असणार, आणि त्यातल्या कुणाचं प्रकरण उद्या टेबलावर येईल काय सांगता येतं?

“पण आता तुम्ही निवृत्त झालात की,” मी एकदा म्हटलं.

“पेन्शन चालू हाय न्हवं? तवर सरकारी माणूसच की मी.”

 पेन्शन दर महिन्याला यायची, म्हणजे हुरडा जन्मभर बंद.

हुरड्याची ती गोष्ट मला सांगितली ती आक्कांनी. आक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा काकांना आक्कांनीच वाढवलं, शिकवलं, शेतही त्याच राखून होत्या. पुढं काकांची बायको गेली, मुलगा परगावी गेला, तरी आक्का काही शेत सोडून शहरात आल्या नाहीत. गणपतीच्या सुमारास गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मात्र काका त्यांना उचलून घेऊन आले. दिवाळीत चाकांची खुर्ची आणली. आक्का त्या खुर्चीत हॉलमध्ये बसून दिवसभर खिडकीतून समोरच्या भिंतीकडं बघायच्या आणि बघण्यासारखं काही नसलं तरी त्यावर शेरे मारायच्या. दातांची कवळी त्यांनी बसवून घेतली होती, पण ती स्टीलच्या वाटीत पाण्यात पडलेली असायची. “त्वांडात दगूड धरल्यागत हुतंय,” असं त्यांचं मत. दुधात कुस्करलेली भाकरी खायच्या आणि दात असलेल्या माणसांपेक्षा जास्त बोलायच्या.

संक्रांत झाली आणि एका सकाळी आक्कांनी जाहीर केलं, “औंदा आगटी पेटली पायजे. आगटीम्होरं बसायचंय मला. फुडच्या सालाचं कुणी बगितलंय?”

गावाला न्यायची सोय नव्हती. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला होता. काकांनी बाजारातून सोललेल्या हुरड्याचं पाकीट आणून परतून दिलं, तर आक्कांनी वाटी बाजूला सरकवली. “ही ज्वारी हाय. हुरडा न्हाय. धूर कुटं हाय ह्येला?”

काका माझ्याकडं आले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. “मॅडम,” ते म्हणाले, “तिनं जल्मात मला कायबी मागितलं न्हाय. येक रुमालसुदिक न्हाय.” मग त्यांनी टेप काढला, कारण हात कुठं ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं.

प्रश्न असा होता. ज्वारी कुणासाठी थांबत नाही. हुरड्याचे दिवस मोजके, दाणा एकदा टणक झाला की संपलं. जागा म्हणाल तर चार फूट बाय सात फुटांची बाल्कनी. आणि वरच्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन, त्यांचं साड्यांचं दुकान आणि धुराशी जन्माचं वैर. “बिल्डिंगमध्ये शेणाच्या गोवऱ्या? आगटी? लोक काय म्हणतील?” चेअरमन म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “आता बार्बेक्यू असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या साडूच्या सोसायटीत आहे बार्बेक्यू. झाकण असतं, पाय असतात. सगळं कसं नीटनेटकं.”

काकांना एवढं पुरे होतं. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. तो मी स्वतः वाचला आहे. त्यात बाल्कनीची चतुःसीमा दिली होती: पूर्वेस कपडे धुण्याचे यंत्र, पश्चिमेस शेजाऱ्यांची सामाईक भिंत, दक्षिणेस लोखंडी कठडा, उत्तरेस अर्जदाराचा हॉल. इंधनाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कोळसा, व गोवऱ्या नग तीन’. मी म्हटलं, “काका, गोवऱ्यांचं लिहू नका, कोळशाखाली दडवून टाकू.” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी अर्ज खाली ठेवला. चेअरमननी तीन खोडून दोन केलं आणि खाली अटी घातल्या. पाण्याची बादली, वाळूची बादली, वेळ दुपारी चार ते पाच, आणि बार्बेक्यू आखलेल्या हद्दीतच राहील. ही शेवटची अट काकांनीच सुचवली होती.

हद्द आखायला आठ दिवस लागले. काका सकाळ-संध्याकाळ बाल्कनीत उदबत्ती लावून उभे राहायचे आणि धूर कुठं जातो ते वहीत लिहायचे. चेअरमनबाईंच्या वाळत घातलेल्या साडीचा काठ, खालच्या दुकानाचा फ्लेक्स, माझी खिडकी, सगळ्यांची अंतरं घेतली. सोसायटीतल्या लोकांना वाटलं काकांनी काहीतरी व्रत धरलंय. शेवटी पलीकडच्या टोकाला, कठड्याच्या कोपऱ्यात फक्कीनं अठरा इंचांचा चौकोन काढला गेला. धुराला वाट, वाऱ्याला आडोसा, पडद्यापासून लांब. तिथं बसेल असा बार्बेक्यू शोधायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझ्याकडं मोठा फोन होता.

मोबाइलवर काय काय असतं ते तेव्हा कळलं. एक घडीचा होता, उघडला की टेबल आणि मिटला की ब्रीफकेस. काकांना तो फार आवडला, ऑफिसची बॅग घेऊन निघाल्यासारखं वाटेल म्हणून. तो आला. काकांनी खोक्यातून काढायच्या आधी मोजला, तर जाहिरातीपेक्षा अर्ध्या इंचानं मोठा. “लिवलंय येक, दिलंय येक,” म्हणून तो परत गेला. अर्धा इंच तर होता हो, असं मी म्हणाले, आणि त्यानंतर मला अर्ध्या इंचावरून कोर्टात गेलेल्या तीन घराण्यांच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या.

मग विजेवरचा. त्याला धूरच नव्हता, चेअरमन खूष झाले असते. आक्कांनी त्याचा फोटो बघितला आणि विचारलं, “ही इस्त्री कशापायी आणतुयास?”

शेवटी आम्ही पेठेतल्या एका पत्र्याच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या चाचांनी चुली, शेगड्या, घंगाळी यांच्या गर्दीत दोन-तीन बार्बेक्यू मांडून ठेवले होते. त्यातला सगळ्यात लहान गोल होता, मोठ्या कुकरएवढा, झाकण, तीन आखूड पाय, दोन्ही बाजूंना लाकडी मुठी. काकांनी व्यास घेतला, उंची घेतली, झाकणाची पोकळी घेतली. चाचांनी तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं उरकली. चौदा इंच. चौकोनात बसत होता. काकांनी पिशवीतून दोन कणसं काढली.

“इथंच भाजून बघायचंय,” ते म्हणाले.

चाचांनी कपाळाला हात लावला, पण कोळसे पेटवले. जाळीवर कणसं ठेवली. वरून काळी ठिक्कर पडली, आतला दाणा कच्चाच. आगटीत कणीस राखेत पुरलं जातं, चहूबाजूंनी ऊब लागते; जाळीवर ते नुसतं होरपळतं. काकांनी जाळी उचलून बाजूला ठेवली. खालच्या खोलगट भांड्यात राख आणि निखारे, त्यात कणीस. पाच मिनिटांत हवा तसा वास दुकानात पसरला आणि शेजारचा टेलर कात्री घेऊन बाहेर आला.

“ह्येच पायजे,” काका म्हणाले. “जाळी नको.”

चाचांनी ती जाळी उचलून उलटसुलट करून बघितली. “साब,” ते म्हणाले, “जाली निकाल दिये तो फिर ये घमेलाइच है ना? घमेला लेव ना फिर. सौ घमेले पड़े है अपने पास.”

“घमेल्याला चेअरमन परवानगी देणार न्हाईत.”

“और इसकू?”

“ह्येला झाकण हाय.”

चाचांनी बार्बेक्यू बांधून दिला. जाळीही त्यांनी पिशवीत घालून दिली; असू द्या, म्हणाले, पापड भाजायला होईल. आजही मी त्या जाळीवर पापड भाजते, कारण काकांनी ती मला देऊन टाकली.

चाचांच्या दुकानात काकांनी एक दाणाही तोंडात टाकला नाही हे माझ्या लक्षात होतं. मी चोळून खाल्ला, चाचांनी खाल्ला, टेलरनं खाल्ला. काका दाणा बोटांत दाबून शिजला की नाही ते बघत होते आणि आमच्या तोंडाकडं बघून वहीत वेळ लिहीत होते.

फेब्रुवारी लागला आणि गावाहून, आता शेत बघणाऱ्या चुलत पुतण्याचा फोन आला. “दाणं टच्च भरायल्यात. ह्या ऐतवारी न्हाय झालं तर मग सोडून द्या.” रविवार ठरला. सकाळी एसटीनं कणसांची पेंडी आली, गूळभेंडी जातीची, बुडखे अजून ओले होते. मी अकलूजहून आणलेलं दही आणि काळी चटणी घेऊन गेले. “उसाच्या गावची तुमी,” काका म्हणाले, “तुमाला हुरड्यातलं काय कळतंय?” ते खुशीत होते.

साडेतीनला बाल्कनी तयार होती. चौकोनात बार्बेक्यू, एका बाजूला पाणी, एका बाजूला वाळू, दोन गोवऱ्या मोजून. काकांनी पांढरा शर्ट घातला होता. आक्कांनी डोक्यावरून नीट पदर घेतला होता आणि कधी नव्हे त्या अर्धा तास गप्प होत्या. चारच्या ठोक्याला काकांनी पेटवलं. धूर उदबत्तीनं दाखवलेल्या वाटेनं शहाण्यासारखा निघून गेला. निखारे पडले. काका आत आले, खुर्चीच्या मागं उभे राहिले आणि म्हणाले, “चला आक्का.”

खुर्ची हॉलमधून निघाली, बाल्कनीच्या दारापाशी आली, आक्कांचे पाय उंबऱ्याच्या पलीकडं गेले, आणि खडकन थांबली.

काकांनी मागं घेऊन पुन्हा ढकललं. पुन्हा खडकन. मोठी चाकं चौकटीला दोन्हीकडून टेकली होती. काकांनी टेप काढला.  दार चोवीस इंच. खुर्ची सव्वीस.

चेअरमनबाईंच्या साडीपासूनचं अंतर वहीत होतं. उदबत्तीचा धूर सकाळी किती अंशानं वळतो ते वहीत होतं. माझं कपाट बघताक्षणी सव्वा इंच सांगणाऱ्या माणसानं ज्या खुर्चीसाठी हे सगळं चाललं होतं ती खुर्चीच मोजली नव्हती. मला हसू फुटत होतं आणि त्यांच्याकडं बघून हसता येत नव्हतं. टेप त्यांच्या हातातून सुटून आपोआप गुंडाळला गेला.

“दार काढतो मी,” ते म्हणाले. “करवत हाय खाली.”

“काका, दोघं मिळून उचलून नेऊ,” मी म्हटलं.

“मी काय पोतं हाय व्हय?” आक्का कडाडल्या. त्यांची अवस्था मोठी बघण्यासारखी होती, गुडघ्यापर्यंत बाल्कनीत आणि बाकीच्या हॉलमध्ये. “आरं, मी येत न्हाय तर ती आगटी हिकडं आण की. तिला चाकं न्हाईत म्हून काय झालं? मुठी हायत न्हवं?”

काकांनी चौकोनाकडं बघितलं. “आक्का, हद्द आखलीया,” ते म्हणाले. “लिवून दिलंय मी.”

“कुणाची हद्द?”

 मला ते चार-पाच फुटांचं अंतर आठवतंय. रेषेच्या अलीकडं पलीकडं एका इंचानं खुंटी न हलवलेला माणूस, समोर दोन लाकडी मुठी, आणि आत राखेखाली निखारे निवत चाललेले. घड्याळात सव्वाचार झाले होते. मग काकांनी खुर्ची जरा मागं घेतली, बाल्कनीत जाऊन चप्पल काढली, पायानं फक्कीची अलीकडची रेघ पुसली, नीट, दोनदा, आणि मला म्हणाले, “मॅडम, तिकडची मूठ धरा.”

आम्ही आगटी उंबऱ्यापाशी आणली, दोन विटांवर ठेवली. पडदा मी काढून फेकला. आक्का पुढं वाकल्या, हात आगटीवर धरला, आणि त्यानंतर आम्हा दोघांना कुणी विचारलं नाही. कणसं राखेत कशी पुरायची, कधी फिरवायची, कुठलं काढायचं, हे सगळं त्या हुकूम सोडत करत होत्या. खुर्चीत बसल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज शेतावरच्या माणसाचा वाटला. पहिलं कणीस त्यांनी पदरानं धरून काढलं, तळहातावर घोळवून चोळलं, एक लांब फुंकर मारली. कोंडा सगळा काकांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. हिरवे, टपोरे, वाफाळते दाणे हातात उरले.

“आक्का, खावा. गार व्हतंय,” काका म्हणाले. गेले तीन आठवडे ते याच क्षणासाठी धावत होते.

आक्कांनी तोंड उघडून दाखवलं. नुसत्या हिरड्या.

“कशानं खाऊ?” त्या म्हणाल्या. “मला काय दात हायत व्हय रं हुरडा खायाला? सगळं मोजतुयास, माजं दात मोजलं न्हाईस कदी.” आणि त्यांनी हात पुढं केला. “तुज्यासाठनं लावलीया ही आगटी. नोकरीला लागल्यापास्नं आपल्या रानातला येक दाणा तू त्वांडात घातला न्हाईस. दर साली म्या आगटी लावायची, गाव खाऊन जायचं, आन् तू बांधाच्या पल्याड डबा उगडून बसायचास. मला काय वाटत आसंल?”

काका खाली बघत म्हणाले, “पेन्शन...”

“चुलीत गेली तुजी पेन्शन. हात कर म्होरं.”

ते उंबऱ्यावर खाली बसले, पायाला पुसलेली फक्की तशीच. हात पुढं केला. त्या हातावर आक्कांनी दाणे ओतले आणि त्यांच्या बोटांवर आपली बोटं दाबून मूठ मिटवली, लहान पोराच्या हातात काही देताना मिटवतात तशी. काकांनी खाल्लं. बराच वेळ चावलं. डोळ्यांना धूर लागला होता म्हणावं तर धूर त्या बाजूला नव्हता, त्याची मोजणी झाली होती. मला रडू आलं. मी चटणी वाढायच्या निमित्तानं आत गेले.

परत आले तेव्हा जिन्यातून चेअरमन आले होते. दार उघडंच होतं. पाचला पाच मिनिटं कमी होती आणि त्यांच्या हातात अर्जाची प्रत होती. त्यांनी कोपऱ्यातला रिकामा चौकोन बघितला, उंबऱ्यावरची आगटी बघितली, बाजूला दोन बादल्या बघितल्या.

“काका,” ते म्हणाले, “हे हद्दीच्या बाहेर आलंय.”

“व्हय,” काका म्हणाले. तोंडात दाणे होते. “मीच सरकवली.”

 आक्कांनी त्यांच्याही हातावर मूठभर ओतलं. त्यांनी आधी रुमाल काढला, मग रुमाल परत ठेवला. चटणी लावून एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग भिंतीला टेकून उभे राहिले. पाच वाजून गेले. वरच्या मजल्यावरून बाईंचा आवाज आला, अहो किती वेळ, म्हणून. चेअरमननी तो प्रश्न काकांकडं पुढं पाठवला.

“किती वेळ लागेल अजून?”

काकांनी घड्याळाकडं बघितलं नाही. खिशाकडंही हात गेला नाही. आक्का नवीन कणीस चोळत होत्या आणि काका दोन्ही हात पसरून वाट बघत होते.

“लागंल की,” काका म्हणाले, “अंदाजे तासभर.”